परत द्यायची राहिलेली पुडी

खंडेनवमीचा तो दिवस आणि त्याच्या पाठची दसऱ्याची सकाळ, एवढा काळ माझ्या नोकरीतून कुणी पुसायचा म्हटलं तरी पुसला जायचा नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घड्याळाकडे बघत छाती इतकी धडधडली ती या एकाच केसमध्ये. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच लिहीत नाही.

मी तेव्हा मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. कोठीतल्या रायफली, पिस्तुलं बाहेर काढून, पुसून, तेल देऊन सतरंजीवर मांडायची, झेंडूच्या माळा घालायच्या. आमच्या शस्त्रागाराचा हवालदार साताऱ्याकडचा. हत्यारांवर त्याचा पोटच्या पोरांसारखा जीव. तो कुंकू लावत असतानाच ठाणे अंमलदार आत आला. परळच्या एका रुग्णालयातून फोन होता. रेंजवर रायफल फुटून एक इसम जखमी, उजव्या डोळ्याला आणि हाताला मार.

आरती हवालदारावर सोपवून मी निघालो.

जखमी इसम गिरगावातले एक नामांकित वकील. घराणं जुनं. आजोबा शिकारी. शिकार बंद होऊन कैक वर्षं झाली, पण आजोबांची विलायती रायफल परवान्यावर वारसाने आलेली. दर खंडेनवमीला तिची पूजा करायची आणि रेंजवर जाऊन चार-सहा बार काढायचे, ही घरची रीत. रायफल सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की तिच्याच धुराच्या दाबाने आतला खटका मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. त्या दिवशी पाच बार नीट गेले. सहाव्याला खटक्यासकट मागची बाजू फाटली.

वकीलसाहेबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती, पण जीभ शाबूत होती.

"इन्स्पेक्टर, मी पूर्ण शुद्धीत जबाब देतोय, हे पहिल्या ओळीत लिहा."

"लिहितो. काडतुसं कुठली?"

"कंपनीची. परवान्यावर घेतलेली."

"पावती?"

"घरी असेल."

"असेल की आहे?"

"साहेब, माझा एक डोळा राहील की जाईल हे डॉक्टरांना माहीत नाही. पावतीचं नंतर बोलू."

वकिलाला प्रश्न विचारणं म्हणजे न्हाव्याची हजामत करणं. मी तिथून थेट रेंजवर गेलो. दोन पंच बोलावून पंचनामा केला. डब्यात चार काडतुसं उरली होती. डबा कंपनीचा, झकपक. हवालदाराला मुद्दाम ठाण्यातून बोलावून घेतलं होतं. त्याने एक काडतूस उन्हात धरलं, बूड बघितलं आणि हसला.

"साहेब, पुंगळी जुनी, टोपी नवीन. म्हाताऱ्याला मुंडावळ्या बांधल्यात."

म्हणजे उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून, त्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवलेली. विनापरवाना हे काम म्हणजे सरळ गुन्हा. फुटलेली पुंगळी आणि उरलेली चार काडतुसं सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे धाडली. सण होता, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी माझ्या शब्दाखातर कुलूप उघडलं.

दुपारी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. हा लालबागचा भंगारवाला. रेंजवरूनच मी त्याला कामाला लावलं होतं.

"साहेब, सगळे माझ्याकडे पितळ विकायला येतात. एक म्हातारा विकत घ्यायला येतो. फकत बंदुकीच्या पुंगळ्या. भाव पण करत नाय."

"कोण?"

"गिरणीतला जुना फिटर. मसाल्याच्या गल्लीत, दुसरा माळा. पण साहेब, देवमाणूस हाय. माझा तराजू त्यानंच दुरुस्त केलाय."

म्हातारा सत्तरीच्या पुढचा होता. पासष्टच्या वरच्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपणच त्याच्या दारी जायचं, असा कायदा आहे. म्हणून हवालदार आणि पंच घेऊन मी चाळीचा जिना चढलो. खाली मिरची कांडणारी यंत्रं धडधडत होती आणि आम्ही चौघेही शिंकत होतो. गुन्हेगाराच्या दारात पोलीस शिंकत उभे, असा तो छापा.

खोली लखलखीत होती. ओट्यावर पितळेचे आणि स्टीलचे डबे ओळीने लावलेले. खिडकीशी लाकडी फळीवर एक हातदाबाचं यंत्र, म्हाताऱ्याने स्वतः लेथवर घडवलेलं. मी त्याची दांडी दाबली, खट आवाज झाला, तसा तो समजला. पळापळ नाही, कांगावा नाही.

"माझंच काम आहे, साहेब. लपवत नाही."

"गिरगावच्या वकिलांना काडतुसं तुम्ही दिलीत?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"काका, त्यांच्या हातात रायफल फुटलीय. डोळा जायची वेळ आलीय."

म्हातारा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. "माझ्या काडतुसानं? शक्य नाही. कंपनीची दगा देतील, माझी नाही देणार."

"किती भरलीत? आणखी कुणाला दिलीत?"

"शब्द दिलाय. नाही सांगणार."

इथे मी नेहमीचा मार्ग सोडला. कारागिराला दम दिला तर तो मिटतो, कामाबद्दल विचारलं तर उलगडतो. मी स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. वडील साचेखात्यात मागावर, आई अंगठा लावणारी, आणि घरातला पहिला पदवीधर मी, तोही रसायनशास्त्र घेऊन. त्यामुळे या विषयात मला खरोखरच रस होता. मी विचारलं, "दारू कसली घालता?"

म्हाताऱ्याचे खांदे सरळ झाले.

"तेच तर खरं काम आहे, साहेब. गोळी कुणीही बसवील. दारू निवडता आली पाहिजे. काही दारू पेंढ्यासारखी भक्कन पेटते. ती पिस्तुलाची. आखूड नळी, हलकी गोळी, तिथं ती ठीक. काही शेणीसारखी धिमी, दम धरून जळते. ती मोठ्या रायफलीची. साधी हातानं खटका ओढायची रायफल असेल तर थोडं इकडंतिकडं सोसते. ही आपोआप चालणारी सोसत नाही. फार धिमी दारू दिलीत तर धुराचा दाब उशिरापर्यंत टिकतो आणि खटक्याला लाथ बसते. फार तापट दिलीत तर काडतूस बसतं ती कोठीच फाटते. हिला मधली लागते. भाकरीला लागतो तसा जाळ."

"आणि तुम्ही मधलीच घातलीत?"

"दुसरी हातात धरणार नाही. मागच्या महिन्यात माल आणणारा एक पुडी घेऊन आला. म्हणाला, काका, ही घ्या, तीच आहे. मी चिमटीत घेतली, पिस्तुलाची होती. म्हटलं, घेऊन जा. तो घाईत विसरून गेला. परत द्यायची म्हणून बाजूला ठेवलीय. दाखवतो की."

तो उठला आणि फळीवर हात फिरवू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुडी सापडली नाही. हवालदाराने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मलाही तेच वाटलं की म्हातारा नाटक करतोय. ओट्यावरच्या ओळीतला दारूचा काळा डबा, यंत्र, माप, सगळं पंचांसमक्ष जप्त केलं, डबा प्रयोगशाळेकडे पाठवला आणि परतलो.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आठला मी ठाण्यात स्टेशन डायरी चाळत होतो. फोन वाजला. प्रयोगशाळेतले अधिकारी.

"साहेब, विचित्र आहे. एकाच काडतुसात दोन जातींची दारू. चारही काडतुसांत प्रमाण वेगवेगळं. आणि तो डबा तर बघाच. वर बारीक चकत्या मिसळलेल्या, तळाला नुसती काड्यांच्या आकाराची. चकत्या पिस्तुलाच्या, तापट."

"चुकून होईल असं?"

"दोन दारू कालवणं म्हणजे आत्महत्या. जाणता माणूस करणार नाही. केलं असेल तर मुद्दाम."

माझं रक्त तापलं. वकिलांना धमक्या आल्याची एक जुनी नोंद आमच्याकडे होती. म्हणजे हा अपघात नव्हे, खुनाचा प्रयत्न. म्हाताऱ्याला कुणीतरी सुपारी दिली. मनातल्या मनात मी कलमंही लावून मोकळा झालो होतो. दहा मिनिटांत हवालदाराला घेऊन पुन्हा तो जिना चढलो.

दाराला तोरण होतं. म्हाताऱ्याची बायको ओट्याशी होती. मी बसलोही नाही.

"काका, कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला? डब्यात दोन दारू कालवलेल्या निघाल्यात."

"कालवलेल्या?" म्हाताऱ्याचा चेहरा फळ्यासारखा कोरा झाला. "मी? दोन दारू? साहेब, त्यापेक्षा मी हात यंत्रात घालीन."

"मग कुणी कालवल्या? रंग वेगळा, दाणा वेगळा. भरताना दिसलं नाही तुम्हाला?"

माझी नजर त्याच्या डोळ्यांवर गेली. दोन्ही बाहुल्यांवर दुधाची साय धरल्यासारखं. मी खिशातला कागद काढून त्याच्यासमोर धरला.

"वाचा."

"चष्मा नाही."

"चष्मा नाकावर आहे, काका."

तो मान खाली घालून बसला. कालचं फळीवर हात फिरवणं मला तेव्हा उमगलं. ते नाटक नव्हतं. त्याला दिसतच नव्हतं. तो सगळं काम हाताच्या सवयीने करत होता. ठरलेला डबा, ठरलेलं माप; स्वतःच्या डब्यातली दारू चिमटीत घेऊन बघायची त्याला गरजच वाटत नव्हती.

तेवढ्यात ओट्याशी आजींनी चहाचा डबा उघडला. तळाला चमचाभर चहा होता. त्यांनी तो संपवला नाही. नवी पुडी फोडली, तशीच त्या उरलेल्या चहावर ओतली, डबा दोनदा हलवला आणि मग त्यातला चहा आधणात टाकला.

मी बघत राहिलो. हे मी लहानपणापासून रोज बघितलेलं. माझी आईसुद्धा तांदळाचा, मिठाचा डबा कधी पुरा रिकामा करायची नाही. मूठभर ठेवायची आणि नव्याची भर घालायची.

"आजी," मी आवाज शक्य तितका साधा ठेवला, "काकांच्या त्या काळ्या डब्यातपण तुम्हीच भर घातलीत?"

"घातलंय मां," त्या वळल्याही नाहीत. "घरातल्या डब्याचो तळ दिसाक देव नये. दिवाळीदसरो तोंडार इलो. फळीर पुडी पडान होती, हेंका सांगान सांगान दमलंय, शेवटी मीच वतलंय."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. त्याची परत द्यायची पुडी कुठे गेली हे त्याला कळलं, मला कळलं, फक्त चहा गाळणाऱ्या त्या बाईला कळलं नव्हतं.

मग तो माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "साहेब, वीस भरली होती."

"काय?"

"त्या डब्यातून वीस भरली. दहा गिरगावात. दहा दादरला. वकिलांचे चुलत भाऊ. आजोबांच्या दोन रायफली, दोघांकडं एकेक. एकमेकांचं तोंड बघत नाहीत दोघं, मी दोघांचंही काम करतो हेही त्यांना ठाऊक नाही. म्हणून शब्द दिला होता." तो खुर्चीवरून उठला. "ते दसऱ्याला बार काढतात. आज."

म्हाताऱ्याने सांगितलेल्या नंबरवर मी दादरच्या घरी फोन लावला. चुलत भावाच्या पत्नीने उचलला. साहेब आणि मुलगी सातलाच निघाले, खाडीकडच्या रेंजवर. यंदा लेक अठरा पूर्ण झाली, परवानगी काढलीय, आजोबांच्या रायफलीचे तीन बार ती काढणार. साहेबांचा मोबाइल वाजत राहिला. रेंजवर मोबाइल कपाटात ठेवावा लागतो. रेंजच्या कार्यालयात सणाची सुट्टी, तिथेही घंटी वाजत राहिली.

मी बिनतारीवर कंट्रोल रूम धरली. जवळची गाडी रेंजवर पाठवा, गोळीबार थांबवा. आणि जिना उतरायला लागलो, तर मागून म्हातारा, एका हाताने कठडा धरून.

"मी येतो. माझी काडतुसं तुम्हाला ओळखू येणार नाहीत."

"तुम्हाला तरी दिसणार आहेत का?"

"हाताला कळतात."

वाद घालायला वेळ नव्हता. जीप निघाली. लालबागपासून पुढे रस्त्यात दुतर्फा झेंडूचे ढीग, प्रत्येक रिक्षा-टेम्पोला हार, चौकाचौकात नव्या गाड्यांच्या पूजा. एका टेम्पोच्या चाकाखाली लिंबं ठेवून भटजी मंत्र म्हणत होते आणि मागे आमचा भोंगा. ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, आशीर्वाद द्या नि बाजूला व्हा." गुरुजी खरंच बाजूला झाले.

म्हातारा मागच्या बाकावर ताठ बसला होता. शीव ओलांडताना तो बोलला.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. डब्यातली वरची दारू आधी उचलली जाते. आधी भरलेली दहा दादरच्या खोक्यात गेली. नंतरची गिरगावच्या."

म्हणजे वकिलांच्या वाट्याला आली ती बरीच मिसळलेली होती आणि तरीही सहाव्या बाराला रायफल फाटली. वरची, निव्वळ तापट, ती त्या मुलीच्या हातात होती. ड्रायव्हरने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न सांगता वेग वाढवला.

रेंजच्या फाटकावर कंट्रोल रूमने पाठवलेली गाडी आधीच पोचली होती आणि तिथेच अडकली होती. आत लाल बावटा चढवलेला. बावटा वर असताना कुणालाही आत सोडायचं नाही, हा तिथला नियम, आणि पहारेकरी नियमाचा पक्का. दोन शिपाई त्याच्याशी हुज्जत घालत होते.

"बावटा उतरल्याबिगर देव आला तरी सोडत नाय," तो म्हणत होता.

मी त्याच्या हाताला धरून म्हटलं, "बाबा, तू नियम सोडू नकोस. तूच बावटा उतरव. आता, या क्षणी."

हे त्याच्या नियमात बसत होतं. त्याने दोरी सोडली आणि शिट्टी फुंकली.

आत गोळीबाराच्या फळीवर मुलगी पालथी पडली होती. रायफल खांद्याला, गाल लाकडाला टेकलेला. शिट्टी ऐकून तिने बोट घोड्यावरून काढलं. मी ते बोट अजून बघू शकतो. तिचे वडील तरातरा माझ्याकडे आले.

"काय प्रकार आहे? माझ्याकडे परवाना आहे, परवानगी आहे."

"काडतुसं कुठली आहेत?"

"कंपनीची."

तोच शब्द, तोच सूर. भाऊ एकमेकांशी बोलत नसले तरी खोटं एकच बोलत होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे गेली आणि हातातला परवाना खाली आला. म्हातारा हवालदाराच्या आधाराने पुढे आला. मुलीने रायफल सुरक्षित करून आत चढलेलं काडतूस आणि मॅगझिन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने अंगठ्याने एकेक काडतूस सरकवलं, चाचपलं. तीन. मग खोक्यातली मोजली. सात.

"दहाच्या दहा," तो म्हणाला आणि तिथेच फळीवर बसला. मग मान वर करून, नेमकी मुलगी उभी नव्हती त्या बाजूला बघत म्हणाला, "पोरी, माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. काम बंद होईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. मला माफ कर."

एवढा मोठा कारागीर, आणि जे मला काल सांगितलं नाही, स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही, ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मुलीने त्याला पाणी दिलं.

चुलत भावाचं काय झालं हे मी तिच्या वडिलांना तिथेच सांगितलं. त्यांनी रायफल आणि काडतुसं माझ्या ताब्यात दिली आणि विचारलं, "कुठल्या रुग्णालयात?" संध्याकाळी जबाबासाठी मी परळला गेलो तेव्हा ते खाटेशेजारी बसले होते. दोघं बोलत नव्हते, पण एक दुसऱ्याला मोसंबी सोलून देत होता. वकिलांची दृष्टी थोडी अधू झाली, डोळा वाचला.

म्हाताऱ्यावर शस्त्र कायद्याखाली रीतसर गुन्हा दाखल केला. माल आणणाऱ्यालाही उचलला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम मात्र लावलं नाही. म्हाताऱ्याने मला एकच विनंती केली होती.

"साहेब, डबा माझा होता. तिचं नाव कशाला?"

"खोटं लिहिता येणार नाही, काका. साक्षीदार म्हणून लिहीन. आरोपी म्हणून नाही."

आजींचा जबाब मी स्वतः घेतला. खाली अंगठा उठवायच्या आधी त्यांनी विचारलं, "साहेबांनू, माझ्यामुळा झाला?"

मी म्हटलं, "आजी, डब्यात भर घालणं हा गुन्हा नाही. डबा तुमच्या ओट्यावर नको होता."

त्यांनी पदराला हात पुसला आणि मग अंगठा उठवला.

या केसने मला एक गोष्ट शिकवली आणि नंतरच्या नोकरीत ती मला फार उपयोगी पडली. पुरावा विचित्र दिसला की आमचा पोलिसी मेंदू आधी शत्रू शोधतो. मीही सुपारी शोधत होतो, कलमं जुळवत होतो, आणि तिकडे एक मुलगी फळीवर पालथी पडत होती. खरं कारण एका भल्या बाईच्या भल्या सवयीत आणि एका स्वाभिमानी माणसाच्या झाकलेल्या डोळ्यांत होतं. तेव्हापासून कुठल्याही घरात चौकशीला गेलो की मी ‘कुणाशी वैर आहे’ हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, ‘या वस्तूला घरात आणखी कुणाचा हात लागतो?’ आणि हात लागणाऱ्या त्या माणसाला काम करताना दोन मिनिटं बघायचो.

प्रयोगशाळेचा अंतिम अहवाल पंधरा दिवसांनी आला. दादरच्या दहा काडतुसांपैकी सातांत दारू मिसळलेली होती. मुलीने मॅगझिनमध्ये घातलेल्या तिन्हींत, वरपासून खालपर्यंत, फक्त त्या पुडीतली.